होडी माझी, पण भाव कोणाचा? डिस्ट्रिब्युटिझम समजून घेताना



सिनॉप्सिस समितीसमोर मांडायचा दिवस तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला येत्या वर्ष-दोन वर्षांत येणार आहे. म्हणून आधी माझी फजिती सांगते.

मी मुळात प्राणिशास्त्राची. डोल जाळ्यात बोंबलाबरोबर जी बारीकसारीक, पुरती न वाढलेली मासळी येते, तिच्यावर माझं काम चाललंय. भाईंदर पश्चिमेहून बस पकडायची, उत्तनला उतरायचं, होड्या किनाऱ्याला लागल्या की नमुने घ्यायचे आणि जमेल तशी प्रश्नावली भरून घ्यायची. त्या प्रश्नावलीत एक साधा रकाना होता: 'होडीची मालकी – स्वतःची / भागीदारीत / दुसऱ्याची'. समितीतल्या अर्थशास्त्राच्या सरांनी नेमकं त्याच रकान्यावर बोट ठेवलं.

"स्वतःची म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे सर, नोंदणीवर ज्याचं नाव आहे त्याची."

"मग किनाऱ्यावर कशाला जाता? ऑफिसातल्या कागदावरून भरा की."

सिनॉप्सिस दुरुस्तीसाठी परत आला. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या फेरीत एका नाखवा काकांना हाच प्रश्न विचारला तेव्हा ते हसले. "होडी माझ्याच नावावर आहे, पोरी. पण डिझेलला, बर्फाला, जाळ्याला ज्याच्याकडून आगाऊ पैसे घेतलेत, मासळी त्यालाच घालायची. भाव तो सांगेल तो."

आता हे माझ्या विज्ञानाच्या बाहेरचं आहे का? अजिबात नाही. ज्याला उचल फेडायची आहे तो समुद्रावर जाणं थांबवू शकत नाही, आणि जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, मोठा करून आजची मासळी उद्यासाठी सोडूही शकत नाही. जाळ्यात लहान मासळी किती येते, याचं एक कारण त्या रकान्यात दडलेलं होतं आणि मी तिथे नुसती 'स्वतःची' अशी खूण करत होते.

त्या एका प्रश्नाच्या मागे वाचत गेले आणि एका राजकीय विचाराशी गाठ पडली. त्याचं नाव डिस्ट्रिब्युटिझम. आजचा लेख त्याच्यावर.

नावात काय आहे?

मराठीत याला कुणी 'वितरणवाद' म्हणतात. पण वितरण म्हटलं की आपल्याला रेशनचं दुकान आठवतं: सरकार गोळा करणार आणि वाटणार. इथे तसं काहीच नाही. वाटायचे ते पैसे नाहीत, धान्यही नाही. पसरवायची आहे ती मालकी. तीही कुठल्याही वस्तूची नव्हे, तर जिच्यावर पोट चालतं अशा साधनाची: जमीन, होडी, यंत्र, दुकान, कारखान्यातला हिस्सा. म्हणून मी या लेखात मूळ शब्दच वापरते.

एका वाक्यात सांगायचं तर, उत्पादनाची साधनं थोड्या धनिकांच्याही हातात नकोत आणि सरकारच्याही हातात नकोत, ती शक्य तितक्या जास्त कुटुंबांच्या हातात हवीत, असं हा विचार सांगतो. त्यामागचा तर्क असा: ज्याच्याकडे स्वतःचं साधन आहे, तो 'नाही' म्हणू शकतो. मालकाला, सावकाराला, अधिकाऱ्याला, पुढाऱ्याला. ज्याच्याकडे फक्त स्वतःचे हात आहेत, त्याचं मत कितीही मोकळं असलं तरी पोट दुसऱ्याच्या मुठीत असतं.

हा विचार आला कुठून?

१८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी 'रेरम नोव्हारम' हे पत्रक काढलं. युरोपातल्या कारखान्यांतल्या कामगारांची दशा हा त्याचा विषय. त्यात एकीकडे मजुरांच्या पिळवणुकीवर टीका आहे, दुसरीकडे सगळी मालमत्ता समाजाची करा म्हणणाऱ्या समाजवादालाही विरोध आहे. उपाय म्हणून जी गोष्ट सुचवली, तीच पुढे या विचाराचं बीज ठरली: कायद्याने जास्तीत जास्त लोकांना मालक होता येईल अशी धोरणं आखावीत.

इंग्लंडमध्ये दोन लेखकांनी त्याला राजकीय रूप दिलं: हिलेअर बेलॉक आणि जी. के. चेस्टरटन. बेलॉक १९०६ ते १९१० लिबरल पक्षाचा खासदार होता. संसद आतून पाहून तो वैतागून बाहेर पडला आणि १९१२ मध्ये त्याने 'द सर्व्हाइल स्टेट' हे पुस्तक लिहिलं. त्याचं निदान आजही विचार करायला लावतं. भांडवलशाही अस्थिर असते, कारण बहुसंख्य लोकांकडे साधन नसतं. ती सुधारायला निघालेले लोक साधन वाटत नाहीत, फक्त नोकरीची आणि पगाराची हमी देतात. मग हळूहळू अशी व्यवस्था उभी राहते जिच्यात बहुतेकांना सुरक्षितता आहे पण दुसऱ्यासाठी राबण्याची कायदेशीर सक्तीही आहे. या स्थितीला त्याने गुलामीचं राज्य म्हटलं. १९२६ मध्ये डिस्ट्रिब्युटिस्ट लीग स्थापन झाली आणि चेस्टरटन तिचा अध्यक्ष झाला. 'तीन एकर आणि एक गाय' ही त्यांची ओळख बनलेली घोषणा मात्र त्यांची नव्हती. ती १८८५ च्या सुमाराच्या ब्रिटिश निवडणूक प्रचारातली.

पुढे १९३१ च्या दुसऱ्या एका पोपपत्रकाने यात आणखी एक तत्त्व पक्कं केलं. जे काम खालच्या पातळीवर होऊ शकतं ते वरच्याने हिसकावू नये. कुटुंबाला जमतं ते गावाने करू नये, गावाला जमतं ते राज्याने करू नये. म्हणजे मालकीबरोबर सत्ताही पसरलेली हवी. आपण मीरा-भाईंदरकर हे सहज समजू शकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि नंतर काही वर्षं नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. रस्ते होत होते, पाणी येत होतं. पण गल्लीतल्या माणसाने जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न होताच.

आपल्याकडचे धागे

इथे संशोधक म्हणून एक सावधगिरी शिकून घ्या. दोन विचार सारखे दिसले म्हणजे एकातून दुसरा आला असं होत नाही.

१८ सप्टेंबर १९०९ च्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये चेस्टरटनने भारतीय राष्ट्रवादावर एक लेख लिहिला. गांधीजी तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी तो वाचला आणि तो त्यांना भावला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बोटीवर त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिलं. झालं! बरेच लेखक इथून उडी मारून 'गांधींचा ग्रामस्वराज्याचा विचार चेस्टरटनकडून आला' असं लिहून मोकळे होतात. एवढ्या पुराव्यावर एवढंच म्हणता येतं की लेख वाचला होता आणि त्याची छाप पडली होती. टॉलस्टॉय, रस्किन आणि स्वतःचा अनुभव यांचा वाटा वजा केल्याशिवाय पुढचं विधान करता येत नाही.

वर्ध्याला १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हा दुसरा धागा. ते ख्रिस्ती होते, अर्थशास्त्र शिकलेले होते आणि छोट्या, हाताशी असलेल्या उद्योगांची बाजू हिशेबासकट मांडत होते. तिसरा धागा पंडित दीनदयाळ उपाध्यायांचा. एप्रिल १९६५ मध्ये त्यांनी मुंबईत 'एकात्म मानववादा'वर चार व्याख्यानं दिली. त्यातही विकेंद्रित अर्थव्यवस्थेचा आग्रह आहे. त्या परंपरेतली रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आपल्या उत्तनलाच, केशवसृष्टीत आहे. आणि त्याच उत्तनच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या कॅथलिक कोळी कुटुंबं राहतात. म्हणजे हा विचार ज्या दोन वेगळ्या वाटांनी आला, त्या दोन्ही एकाच बसमार्गावर भेटतात!

चौथा धागा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तो कायद्यात आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३९ च्या (ख) आणि (ग) खंडांत राज्याला सांगितलंय की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हिताला पोषक होईल असं विभागलं जावं आणि संपत्ती मोजक्या हातांत साचू नये. शब्द नीट पाहा: मालकी व नियंत्रण. दोन वेगळे शब्द आहेत. माझ्या प्रश्नावलीत एकच होता.

दहा होड्यांचं गणित

हा फरक विज्ञानाच्या विद्यार्थ्याला आकड्यांत लवकर कळतो. समजा एका गावात दहा कुटुंबं आणि दहा होड्या आहेत.

पहिलं गाव: एकाकडे दहाही होड्या, बाकी नऊ जण खलाशी. सरासरी? दर कुटुंबामागे एक होडी.

दुसरं गाव: दहाही कुटुंबांकडे एकेक होडी. सरासरी? तीच.

सरासरी काहीच सांगत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून आपण गिनी गुणांक काढतो. पहिल्या गावात तो ०.९, दुसऱ्यात शून्य, म्हणजे पूर्ण समानता. छान.

तिसरं गाव: दहा कुटुंबांकडे एकेक होडी, पण दहाही जणांनी एकाच व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली आणि मासळी त्यालाच द्यायची. होड्यांचा गिनी गुणांक? शून्यच! कागदावर दुसरं आणि तिसरं गाव जुळी भावंडं. प्रत्यक्षात तिसरं गाव पहिल्याच्या जवळचं. एका हाताला दहा होड्या लागत नाहीत, दहा नाखव्यांचा भाव पुरतो.

लेखाचा गाभा एवढाच. मालकी पसरली म्हणून सत्ता पसरली असं नाही. डिस्ट्रिब्युटिझमची ताकद त्याने विचारलेल्या प्रश्नात आहे आणि त्याची अडचणही तिथेच आहे.

समुद्रापर्यंत जायचं नसेल तर स्वतःच्या बिल्डिंगकडे पाहा. मीरा रोडला फ्लॅट घेतला, करार नोंदवला, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आलं, कर्जाचे हप्ते चालू. मालक झालो ना? पण कन्व्हेयन्स झालं नसेल तर खालची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर असते. १९६३ च्या मोफा कायद्याने ती सोसायटीच्या नावावर करून देण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली. ते होत नाही म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय आली. पुनर्विकासाची वेळ येते तेव्हा कळतं की आपण चार भिंतींचे मालक होतो, निर्णयाचे नव्हतो.

महाराष्ट्राने हा प्रयोग केला होता

नाव न घेता, पण मोठ्या प्रमाणावर. मुंबई कूळवहिवाट कायदा १९४८ चा. पुढच्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवसापासून कूळ हाच जमिनीचा मालक मानला जाऊ लागला. १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा आला. पण लहान तुकड्याचा मालक एकटा बाजारात टिकत नाही. ऊस पिकवला तरी गाळणार कोण? याचं उत्तर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला दिलं. शेती ज्याची त्याची, कारखाना सगळ्यांचा. १९५०-५१ च्या हंगामात तिथे गाळप सुरू झालं. स्पेनच्या बास्क भागातला मोंद्रागोनचा कामगार-मालकीचा पहिला उद्योग १९५६ चा. तो एका धर्मगुरूच्या प्रेरणेतून उभा राहिला आणि जगभर डिस्ट्रिब्युटिझमचं उदाहरण म्हणून दाखवला जातो. आपल्या नगर जिल्ह्यातलं उदाहरण त्याच्या आधीचं आहे, हे मराठी विद्यार्थ्याने विसरू नये.

पुढे काय झालं ते तुम्ही घरच्या गप्पांतही ऐकलं असेल. सभासद हजारो, मत प्रत्येकाला एक. पण संचालक मंडळ म्हणजे आमदारकीची शिडी झाली. सरकारी भागभांडवल आणि कर्जाला सरकारची हमी आली, त्याबरोबर सरकारचा हातही आला. दोन कारखान्यांमध्ये किमान २५ किलोमीटर हवाई अंतर हवं, या नियमाने कारखान्याला आधार मिळाला. पण ऊस दुसरीकडे घालण्याची शेतकऱ्याची मोकळीक कमी झाली. नंतर अनेक आजारी कारखाने खासगी हातांत विकले गेले. कारखाना कागदावर सभासदांचा होता. 'नाही' म्हणायची ताकद किती जणांकडे होती, हा संशोधनाचा प्रश्न आहे.

यावरून 'सहकार फसला' असा निष्कर्ष घाईने काढू नका. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, शाळा-कॉलेजं, दवाखाने उभे राहिले, तेही याच कारखान्यांच्या आवारात. शिकायचं ते हे, की लहान मालकांना टिकण्यासाठी संघटना लागते आणि संघटना मोठी झाली की ती ताब्यात घेण्याजोगी होते. डिस्ट्रिब्युटिझमची खरी परीक्षा वाटपाच्या दिवशी नसते, त्यानंतरच्या तीस वर्षांत असते.

'सरकार नको' असं म्हणतो का हा विचार?

नाही. पुन्हा उत्तनच्या किनाऱ्यावर या. डोल जाळं मासळीच्या मागे धावत नाही. ते भरती-ओहोटीच्या ओढीवर पसरलेलं असतं, प्रवाहाबरोबर येईल ते घेतं. पर्ससीन जाळं थव्याला घेरून उचलतं. त्याला मोठी होडी, मोठं भांडवल लागतं. समुद्र एकच. तिथे 'ज्याची ताकद त्याची मासळी' असं सोडलं तर लहान होडीची मालकी राहील, मासळी राहणार नाही. म्हणून नियम लागतात: महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर आलेल्या मर्यादा, २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने घातलेली बंदी. लहान मालकी ही आपोआप टिकणारी गोष्ट नाही. ती राखावी लागते.

मग राजकारणात याची जागा कुठे?

गंमत अशी की या विचाराचं कौतुक सगळे करतात, पण त्याचा मोठा पक्ष कुठेच उभा राहिला नाही. अमेरिकेतला छोटासा अमेरिकन सॉलिडॅरिटी पार्टी हा पक्ष त्याचं नाव घेतो, एवढंच. कारण उघड आहे. उजव्यांना यातली खासगी मालमत्ता, कुटुंब, परंपरा आवडते; साठलेली संपत्ती मोडायची गोष्ट आली की ते गप्प होतात. डाव्यांना साठेबाजीवरचा हल्ला पटतो, पण खासगी मालकीच हवी म्हटलं की ते दूर जातात. प्रत्येक जण अर्धा विचार उचलतो. शिवाय निवडणुकीचा खर्च साठलेल्या पैशावर चालतो. विखुरलेल्या मालकांकडे वर्गणी असते, देणगी नसते.

न्यायालयातही ही ओढाताण दिसते. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारती, ७० टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास, सरकारला संपादित करता याव्यात म्हणून १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात एक प्रकरण घातलं गेलं, त्याला अनुच्छेद ३९ (ख) चा आधार दिला. इमारतमालकांच्या संघटनेने आव्हान दिलं. अखेर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही. आता विचार करा: डिस्ट्रिब्युटिस्ट या निकालावर खूश होईल की नाराज? लहान मालकाचं घर सरकारपासून वाचलं म्हणून खूश. पण भाडेकरूला मालक करण्याची वाट अरुंद झाली म्हणून नाराज. तुमचं उत्तर अर्धी पानभर लिहून पाहा. नेट-सेटच्या तयारीलाही उपयोगी पडेल.

आणि विरोधातलं वाचायचं विसरू नका

मला सर्वांत जड गेलेली टीका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे एकट्या आकाराने ठरत नाही. त्यावर किती भांडवल आणि किती श्रम लागतात त्यावर ठरतं. शेतीवर माणसांचा भार जास्त आहे, तो उद्योगांनी हलका करा. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी शेतजमीन सरकारच्या मालकीची करून सामूहिक शेतीची मांडणी केली. त्यांना भीती होती ती अशी, की गावात जमीन कुटुंबांकडे राहिली तर ती कुठल्या जातीच्या कुटुंबांकडे राहील? ज्यांच्याकडे वाटपाआधीच काही नव्हतं त्यांचं काय?

हा प्रश्न किनाऱ्यावरही लागू आहे. होड्या बहुतेक पुरुषांच्या नावावर. बोंबील वलांडीवर सुकवणाऱ्या आणि टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या बायका. होडीवरचे खलाशी बाहेरगावचे, पगारावरचे. 'कुटुंबाची मालकी' म्हणताना त्या कुटुंबात कोण मोजलं गेलं आणि कोण नाही, हे न विचारता लिहिलेला प्रबंध अर्धाच असतो.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

विचारप्रणाली वाचून 'ती बरोबर की चूक' हे संशोधकाने आधी ठरवायचं नसतं. तिच्यातून मोजता येणारा प्रश्न काढायचा असतो. माझा एक रकाना काढून मी त्याजागी हे पाच घातले:

१. कागदावर नाव कोणाचं?
२. साधन विकायचं किंवा बदलायचं ठरवायला कोणाची परवानगी लागते?
३. मासळी कोणाला विकायची, हे कोण ठरवतं?
४. उचल आहे का, आणि फेडल्याशिवाय व्यापारी बदलता येतो का?
५. नुकसान झालं तर ते कोणाच्या वाट्याला किती येतं?

विषय कुठलाही असो, रिक्षा, टपरी, शेत, सॉफ्टवेअर किंवा तुमच्या प्रयोगशाळेतलं उपकरण, हे पाच प्रश्न थोडे वाकवून चालतात. पहिल्याचं उत्तर ऑफिसातल्या कागदावर मिळेल. बाकी चारांसाठी माणसासमोर बसावं लागतं.

दुरुस्त केलेला सिनॉप्सिस घेऊन पुन्हा समितीसमोर गेले तेव्हा सरांनी तेच पान उघडलं, पाचही प्रश्न वाचले आणि विचारलं, "तिसऱ्याचं उत्तर लोक खरं देतील?"

मी म्हटलं, "पहिल्या भेटीत नाही देणार सर."

"मग किती भेटी लागतील ते वेळापत्रकात लिहा," असं म्हणून त्यांनी सही केली. तुमच्याही वेळापत्रकात त्या भेटींना जागा ठेवा.